खंदकाच्या आतलं शहर : कोलकात्यातले तीन दिवस

पहिला दिवस, शनिवार

आझाद हिंद एक्सप्रेसनं पहाटे हावड्याला उतरलो. आत्या आणि मी. आत्या अडुसष्ट वर्षांची आहे, पण चालण्यात माझ्या पुढे असते. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सामान टाकलं, आंघोळी केल्या, पोहे खाल्ले आणि दुपारी टॅक्सीनं थेट बागबाजारला गेलो. हेरिटेज वॉक नेणारा मुलगा तिथे वाट पाहत उभा होता. तिशीचा असेल, गळ्यात मफलर. पुढचे तीन दिवस तोच आमच्याबरोबर होता. आत्या त्याला पहिल्या मिनिटापासून ‘दादा’ म्हणायला लागली आणि तो तिला ‘मासीमा’.

खरं तर ठरलेली फेरी होती मध्य कोलकात्यातल्या परक्या वस्त्यांची : आर्मेनियन, ज्यू, चिनी, पारशी, अँग्लो-इंडियन. बागबाजार त्यात येत नाही. तो मी हट्टानं जोडून घेतला होता, कारण मला एक गल्ली पाहायची होती. तिचं नाव मराठा डिच लेन.

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, भास्करपंत कोल्हटकर, १७५१ चा तह, बारा लाखांची चौथाई हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण ज्यांच्या गावांवरून त्या स्वाऱ्या गेल्या, त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न एकाही वर्गात मी विचारला नाही. १७४२ साली, मराठे येणार या धास्तीनं कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. पैसा रहिवाशांचा, ईस्ट इंडिया कंपनीनं पंचवीस हजार रुपये कर्जाऊ दिले. सात मैल खणायचा होता, तीनेक मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये तो खंदक बुजवून वरून रस्ता काढला. आज शहराचा जो सर्क्युलर रोड म्हणतात, तो बराचसा त्याच खंदकावर आहे. उरलं ते या गल्लीच्या पाटीवरचं नाव.

गल्लीत पाहण्यासारखं काही नाही. दोन बाजूंना जुनी घरं, एका ओट्यावर कॅरम चाललेला, तारेवर वाळत घातलेल्या बंगाली शाली. मी पाटीखाली उभी राहिले. दादानं विचारलं, “आपण खरोखर मराठी? मग तुम्ही बर्गी!” हसून म्हणाला, पण त्यानं लगेच ती अंगाईही सांगितली, जी त्याच्या आजीनं त्याच्यासाठी म्हटली होती : बाळ निजलं, आळी निवांत झाली, बर्गी देशात आले, धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता खंडणी द्यायची कशातून? पावणेतीनशे वर्षांनंतरही बंगाली बाळं या चालीवर झोपतात.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. आपल्याकडे हा शब्द लष्करी हिशेबाच्या वहीतला आहे. इथे तो घरात शिरला आणि मुलं त्याला भिऊ लागली. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, बागुलबुवा म्हणतो आपण, तसे यांचे आपण.” मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

दादाला मी एवढंच सांगितलं की १९०६ साली याच शहरात शिवाजी उत्सव झाला आणि टिळक त्यासाठी इथे आले होते. त्याला ते ठाऊक होतं. “सखाराम गणेश देऊस्कर,” तो लगेच म्हणाला. मराठी घराण्यातला, बंगालीत लिहिणारा हा माणूस त्यानं शाळेत वाचलेला होता. माझ्या शाळेच्या पुस्तकात तो नव्हता.

संध्याकाळी कुमारटुलीतून चालत गेलो. सरस्वती पूजेच्या मूर्ती घडत होत्या, गवताच्या सांगाड्यांवर चिकणमातीचा हात फिरत होता. आमच्या पेणच्या गणपतींची आठवण झाली, पण थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं.

दुसरा दिवस, रविवार

साडेसहाला टिरेटा बाजारात पोहोचलो तेव्हा धुकं होतं आणि पोद्दार कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर वाफा निघत होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांवर डबे रचलेले, एकेक झाकण उघडलं की चेहराच दिसेनासा व्हायचा. बाओ, मोमो, माशांच्या गोळ्यांचं सूप, सॉसेज. विकणाऱ्या बायका ग्राहकाशी हिंदी बोलतात, शेजारणीशी बंगाली आणि नातवाला रागवायचं झालं की चिनी. नऊच्या आत सगळं आवरतं, त्यामुळे उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला हा बाजार येत नाही. नाव एडवर्ड टिरेटा या व्हेनिसकराचं. अठराव्या शतकात तो इथे रस्ते-इमारतींचा अधीक्षक होता आणि बाजार त्याच्या मालकीचा होता. म्हणजे इटालियन माणसाच्या नावाच्या बाजारात चिनी न्याहारी.

आत्या शुद्ध शाकाहारी. तिच्यासाठी मी केळी घेऊन ठेवली होती. पण एका आजीबाईंच्या परातीत तिळात घोळवून तळलेले गोल गोळे होते, आत गोड डाळीचं सारण. आत्यानं एक उचलला, फोडला, वास घेतला आणि खाल्ला. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. “तिळगूळच की गं हा,” ती म्हणाली आणि आजीबाईंकडून आणखी चार बांधून घेतले. आजीबाईंना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे तिनं हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी किती समजून घेतलं माहीत नाही, पण पाचवा गोळा वर टाकला.

चिनी माणूस कोलकात्यात आला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. तोंग आच्यू नावाच्या व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जनं बजबजजवळ जमीन दिली, त्यानं तिथे उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही आचीपूर म्हणतात. मागून माणसं येत राहिली आणि प्रत्येकानं आपापल्या मुलखाचा धंदा आणला. कँटनचे सुतार, हाक्का नावाच्या चिनी समाजाचे लोक चामड्याचे आणि चपलाबुटांचे, हूपेचे दातांचे डॉक्टर. बेंटिंक स्ट्रीटवरच्या चपलांच्या दुकानांची कीर्ती त्यांचीच.

छातावाला गल्लीत सी इप चर्च आहे. चर्च म्हणतात, पण आहे चिनी देऊळ, १९०५ चं. इंग्रजांच्या राज्यात हिंदूंचं ते टेंपल, मुसलमानांची ती मॉस्क, मग उरलेल्या सगळ्यांचं चर्च, असं काहीसं झालं असावं. नाव चिकटलं आणि आता चिनी लोकही तेच म्हणतात. वरच्या मजल्यावर क्वान यिन देवी, करुणेची. लाल-सोनेरी लाकूडकाम, उदबत्त्यांच्या धुरानं काळवंडलेलं छत. बांबूच्या नळीत क्रमांक घातलेल्या काड्या होत्या. नळी हलवायची, एक काडी बाहेर उडते, तिच्या क्रमांकाची चिठ्ठी म्हणजे देवीचं उत्तर. देवळात कौल लावतात त्यातलाच प्रकार. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिथल्या बाकावर बसून दादानं १९६२ ची गोष्ट सांगितली. युद्ध लागलं आणि तीन हजारांच्या आसपास चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले. काही जण वर्षानुवर्षं तिथे राहिले, परत आले तेव्हा घरं-दुकानं गेलेली. त्यानंतर जे कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे निघाले ते निघालेच. मी १९६२ सुद्धा शिकवलं होतं, त्यातही हे नव्हतं. चाळीस मिनिटांच्या तासाची सबब सांगता येईल, पण ती मला स्वतःलाच पटत नाही.

तिथून बो बॅरक्स पायी दहा मिनिटांवर. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या तीन मजली लाल विटांच्या चाळी, हिरव्या खिडक्या. सैनिक गेल्यावर अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायला आली. नाताळ होऊन दोन आठवडे झाले होते, तरी चांदण्यांचे कागदी कंदील अजून लटकत होते. गिरगावच्या चाळीत वाढलेली आत्या कठड्यावरून खाली बोलणाऱ्या बायका पाहून खूश झाली. या आळीच्या आसपासच बरुआ लोकांची जुनी बेकरी आहे, आणि बरुआ म्हणजे चितगावकडचे बौद्ध. त्यांचा विहारही जवळच, बौद्ध धर्मांकुर सभेचा. कृपाशरण महास्थविरांनी १८९२ मध्ये ही संस्था काढली. अँग्लो-इंडियनांचा नाताळचा केक बौद्ध घरातून येतो. अशा गोष्टी दादा भराभर बोलून जायचा, मी मागून वहीत टिपत होते.

मेटकाफ स्ट्रीटवरची पारशी अग्यारी १९१२ ची. आत परधर्मीयांना जाता येत नाही, म्हणून फाटकाबाहेरूनच नमस्कार केला. तिच्या आधीची अग्यारी इथून जवळ एझ्रा स्ट्रीटवर होती, ती १८३९ साली रुस्तमजी कावसजी बनाजींनी बांधली. बनाजी हे मुंबईचं घराणं. फोर्टातली बनाजी लिमजी अग्यारी, १७०९ ची, मुंबईतली सर्वांत जुनी, त्यांचीच. जहाजांचे मालक. मुंबईची माणसं इथवर समुद्रानं आली होती.

दुपारी झकेरिया स्ट्रीटवर नाखुदा मशीद. कच्छी मेमन समाजानं बांधली, पायाभरणी १९२६ ची, घडण सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीवरून घेतलेली. दहा हजार माणसं एका वेळी नमाज पढू शकतात. नाखुदा म्हणजे जहाजाचा तांडेल. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. दादाला हे नवीन होतं. त्यानं माझ्याकडून ‘नाखवा’ शब्द तीनदा म्हणून घेतला आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवला. तीन दिवसांत मी त्याला दिलेली ही एकच गोष्ट.

संध्याकाळी टॅक्सीनं टँग्राला. इथे हाक्का लोकांचे चामडे कमावण्याचे कारखाने होते. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते शहराबाहेर बानतल्याला हलवावे लागले. आता रिकाम्या भिंती, बंद फाटकं आणि मधेमधे हॉटेलं. आम्ही गेलो ते चिनी काली मंदिरासाठी. झाडाखालच्या दोन दगडांना शेंदूर लावून पूजा चालायची, त्या जागी चिनी कुटुंबांनी देऊळ बांधलं. आरती बंगाली भटजी करतात, उदबत्त्या मात्र लांबलचक चिनी. प्रसादाला नूडल्स असतात. आत्यानं उजवा हात पुढे केला, वाटीतले नूडल्स घेतले, डोळ्यांना लावले. “प्रसाद आहे, काय घातलंय विचारू नकोस,” एवढंच मला म्हणाली.

तिसरा दिवस, सोमवार

सोमवारी बाजार पूर्ण भरात. ओल्ड चायना बाजार स्ट्रीटवर छत्र्या, खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल. “सरे जान, सरे जान!” असं ओरडत ते अंगावरून जातात आणि आपण भिंतीला चिकटतो. अशाच एका गाळ्यांच्या रांगेत एक दार आहे. दादा आत वळला, आम्ही मागोमाग, आणि चार पावलांत आवाज थांबला.

आर्मेनियन लोकांचं होली नाझरेथ चर्च. १७२४ चं, कोलकात्यातलं सर्वांत जुनं चर्च मानतात. आधी इथे त्यांचं दफनस्थान होतं, त्यामुळे अंगणात पाऊल टाकाल तिथे शिळा. पांढऱ्या भिंतींच्या सावलीत काळ्या-करड्या दगडांची फरसबंदी, आणि प्रत्येक फरशी म्हणजे एक माणूस. कुठे फक्त आर्मेनियन अक्षरं, कुठे कवटी आणि हाडं, कुठे फुलांची नक्षी, एका शिळेवर तागडी कोरलेली. व्यापाऱ्याची असणार.

त्यांतली एक शिळा पाहायला लोक येतात. कुणी रेझाबीबी, दानशूर सुकियासची पत्नी. मरण पावली ती ११ जुलै १६३० रोजी, असं त्यावर कोरलेलं वाचतात. काही अभ्यासक या तारखेबद्दल वाद घालतात. पण ती खरी धरली, तर ज्या जॉब चार्नकनं १६९० मध्ये हे शहर वसवलं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं, त्याच्या साठ वर्षं आधी इथे एक आर्मेनियन बाई राहत होती, मेली होती आणि तिला इथल्या मातीत ठेवलं होतं. २००३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानंही चार्नक हा शहराचा संस्थापक नाही असं म्हटलं.

मी खाली बसले. दगड गार होता. अक्षरं इतकी झिजलेली की डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळत होती. एका ओळीच्या खाचेत तांदळाचे दोन दाणे अडकले होते, पाखरांना टाकलेले असावेत. मी ते काढले नाहीत. आत्या माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “बिचारी! कुठून कुठे आली गं ही?” तिला माहेर-सासर हाच नकाशा समजतो, आणि त्या क्षणी मलाही तोच खरा वाटला.

बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर पोर्तुगीजांचं कॅथीड्रल, १७९९ चं. परिसराचं नाव मुर्गीहाटा, कारण इथे कोंबड्यांचा बाजार भरायचा. ते घाईत पाहिलं. पुढे ब्रेबॉर्न रोड. हे नाव वाचून मी थांबलेच. हाच तो लॉर्ड ब्रेबॉर्न, आपल्या चर्चगेटच्या स्टेडियमवाला. आधी मुंबईचा गव्हर्नर, मग बंगालचा, आणि १९३९ मध्ये कोलकात्यातच वारला.

आणि मग मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर.

मी पुण्याची. कँपातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससूननी बांधलेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, मी लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. लाल विटा, उंच मनोरा, घड्याळ. ब्रेबॉर्न रोडच्या कोपऱ्यावर वळलो आणि तीच इमारत समोर उभी राहावी तसं झालं : लाल विटा, टोकदार मनोरा, घड्याळ. १८८४ मध्ये एलियास डेव्हिड जोसेफ एझ्रानं वडिलांच्या नावानं बांधलेलं. बगदादी ज्यू मुंबई, पुणे, कोलकाता, रंगून अशा एका रांगेत पसरले होते. कोलकात्यात स्थायिक झालेला पहिला ज्यू मानतात तो शालोम कोहेन मूळचा अलेप्पोचा, सुरतेत थांबून १७९८ मध्ये इथे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे चार-पाच हजार ज्यू होते. आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

ओळखपत्र दाखवलं, वहीत नावं लिहिली. फाटक उघडणारा माणूस साठीचा, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. मुसलमान. त्याचे वडीलही इथेच होते, आजोबाही. मूळ गाव ओडिशात. कोलकात्याच्या सिनेगॉगांची राखण पिढ्यान्‌पिढ्या ओडिशातली मुसलमान कुटुंबंच करत आली आहेत. त्यानं दादाच्या हातात डोकं झाकायला ज्यू टोपी दिली, आमच्या पदरांकडे पाहून ‘ठीक है’ म्हणाला आणि पुढे होऊन दिवे लावले.

आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, रंगीत काचांमधून येणारा निळा-तांबडा उजेड, लांबच लांब रिकामी बाकं. समोर अर्धघुमट, निळा, त्यावर सोनेरी चांदण्या. २०१७ मध्ये पुरातत्त्व खात्यानं डागडुजी करून घेतल्यापासून रंग ताजे आहेत. तो माणूस एका बाकावर फडकं फिरवत होता. प्रत्येक बाक, पाठ, हात, खाली वाकून पायही. इथे प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि ते जमत नाहीत, हे त्यानंच सांगितलं. मी विचारलं, “मग बाकं रोज पुसता?”

“रोज.”

“आणि तुमची नमाज?”

त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. “मशीद तिथे आहे. वेळ झाली की जाऊन येतो. किल्ली माझ्याकडे असते.”

त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, पितळी, घासून गुळगुळीत झालेला. मी तो पाहत राहिले. कालपासून मी हेच पाहत होते आणि मला आत्ता ते नीट दिसलं. चिनी काली बंगाली भटजीकडे, नाताळचा केक बौद्धाकडे, सिनेगॉग मुसलमानाकडे. निघून गेलेल्यांचं घर मागे राहिलेला शेजारी राखतो. त्याबद्दल तो बोलत नाही, बाकं पुसतो.

पोलॉक स्ट्रीटवरचं बेथ एल सिनेगॉग, १८५६ चं, त्यानंतर पाहिलं. तेही सुंदर आहे, पण माझं मन मागेच होतं.

दुपारी पार्क स्ट्रीटवर ज्यूइश गर्ल्स स्कूल सुटताना पाहिलं. १८८१ मध्ये ज्यू मुलींसाठी काढलेली शाळा. आज शिकणाऱ्या बहुतेक मुली मुसलमान. गणवेशाच्या बिल्ल्यावर सहा टोकांची चांदणी, आणि फाटकाबाहेर घ्यायला आलेल्या आया बुरख्यात. एक लहानगी आईला गृहपाठाची वही उघडून दाखवत होती, रस्त्यातच. संध्याकाळी न्यू मार्केटमध्ये नहूमच्या दुकानातून, १९०२ पासून चालत आलेल्या ज्यू बेकरीतून, प्लम केक घेतला. काउंटरचं जुनं लाकूड आणि पितळेचे कठडे अजून तसेच आहेत.

दादाला निरोप देताना आत्यानं त्याच्या हातावर तिळाचा एक गोळा ठेवला, रविवारचा, जपून ठेवलेला. तो म्हणाला, “मासीमा, आता अंगाईत बर्गी आले की मला तुमची आठवण येणार.”

पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कँपात गेले. लाल देवळाच्या फाटकाशी पहिल्यांदाच उभी राहिले. रखवालदारानं सांगितलं, आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. अर्ज दिला आहे. नावांच्या जागी दोन नावं लिहिली, माझं आणि आत्याचं.